बिंदू वर की खाली?

ग्वाल्हेरमध्ये गाणे शिकवणाऱ्या दोन संस्था चार वर्षांच्या अंतराने उभ्या राहिल्या. 1914 मध्ये कृष्णराव शंकर पंडितांनी घरची विद्या शिकवायला शाळा काढली. वडिलांच्या नावाने ओळखले जाणारे आजचे शंकर गांधर्व महाविद्यालय ते हेच. 1918च्या जानेवारीत माधवराव शिंद्यांनी विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू केले. एकीकडे बापाकडून मुलाकडे आलेली गायकी, दुसरीकडे भातखंडे या मुंबईच्या वकिलाने संस्थाने पालथी घालून जमवलेल्या चिजा, म्हणजे बंदिशी, आणि त्या कागदावर उतरवायची एक पद्धत. शहर तेच, रागही बहुतेक तेच. पण गाणे कोणाचे, या प्रश्नाला दोन्हीकडे वेगळे उत्तर मिळत होते. पहिल्या ठिकाणी ते घराण्याचे होते. दुसऱ्या ठिकाणी ते फी भरून वर्गात बसणाऱ्या कोणाचेही होऊ शकत होते, आणि म्हणूनच पुढे देशाचेही.

पारतंत्र्यातून बाहेर पडणाऱ्या देशाची सांस्कृतिक ओळख कुठेतरी पुरून ठेवलेली असते आणि राज्यकर्ते गेले की ती आपोआप वर येते, असे आपण फार सहज धरून चालतो. प्रत्यक्षात ती बसवावी लागते, नाटक बसवतात तशी. कोणती संहिता घ्यायची, कोणते प्रवेश गाळायचे, कोणी किती मोठ्याने बोलायचे, हे माणसे ठरवतात, भांडून ठरवतात. हिंदुस्थानी संगीताच्या बाबतीत हे ठरवणे इतक्या अलीकडे झाले आहे की त्याचे सगळे कागद अजून उपलब्ध आहेत, आणि त्यातले बरेचसे मराठीत आहेत.

थोडी वंशावळ आधी. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ ग्वाल्हेर दरबारचे गवई. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926) शिकले आणि ग्वाल्हेरचा ख्याल त्यांनी दक्षिण महाराष्ट्रात नेला. मिरजेला त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर घडले, आणि पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाच्या तनख्यावर न विसंबता लोकांच्या वर्गणीवर आणि तिकीट लावून केलेल्या जलशांवर चालणारी शाळा. म्हणजे मुसलमान उस्तादांच्या घरातली विद्या मराठी ब्राह्मण शिष्यांकडून पंजाबात पोचली, शाळेच्या रूपात. आज आपण जिला ‘भारतीय शास्त्रीय संगीताची परंपरा’ म्हणतो, तिचा हा रस्ता नकाशावर काढून पाहावा. तो सरळ मुळीच नाही.

भातखंडे (1860–1936) दुसऱ्या वाटेने आले. रामपूर, जयपूर अशा ठिकाणच्या उस्तादांकडून चिजा मिळवायच्या, जुने ग्रंथ वाचायचे, आणि या दोहोंचा मेळ बसतो का ते पाहायचे. मार्च 1916 मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाखाली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद झाली. तिथे आणि पुढच्या परिषदांमध्ये (1918 दिल्ली, 1919 बनारस, 1924 व 1925 लखनौ) त्यांनी गवई, संस्थानिक आणि शास्त्रज्ञ यांना एका मांडवात बसवले. रागाचे रूप कोणते प्रमाण मानायचे, यावर तिथे गाऊन दाखवत वाद झाले. लखनौच्या परिषदांमधून 1926 मध्ये तिथले मॅरिस कॉलेज उभे राहिले. ब्रिटिश गव्हर्नरचे नाव घेऊन ‘राष्ट्रीय’ संगीताचे महाविद्यालय चालले, यात त्या काळाला काही विसंगत वाटले नाही. संस्थाने, इंग्रज अधिकारी आणि काँग्रेसचे मंडप या तिन्ही जागी एकच काम एकाच वेळी चालू होते.

हे काम लिपीपासूनच, म्हणजे गाणे स्वरांच्या खुणांनी लिहिण्यापासूनच, का सुरू झाले? कारण टोचणी तिथेच होती. ज्या संगीताला लिहिता येत नाही ते शास्त्र कसले, असा सूर युरोपियन अभ्यासकांच्या लेखनात वारंवार लागत असे. बंगालमध्ये 1870च्या दशकात शाळा-निरीक्षक चार्ल्स क्लार्क यांनी हिंदुस्थानी गाणे युरोपीय पंचरेषांवर लिहावे असा आग्रह धरला, आणि सौरींद्रमोहन टागोरांनी त्याला उत्तर देत देशी अक्षरांतली लिपी पुढे केली. बडोद्यात मौलाबख्शांनी स्वतःची लिपी वापरली. आव्हान बाहेरून आलेले होते. लिहिलेच पाहिजे ही अट आपण मान्य केली. कशात लिहायचे ते मात्र आपण ठरवले. गुलामीतून सुटणाऱ्या समाजांची बहुतेक कामे अशीच होतात. डच अमलाखालच्या जावामध्येही 1900च्या सुमाराला सुराकर्त्याच्या दरबारी वर्तुळात गामेलान या वाद्यवृंदासाठी आकड्यांची लिपी तयार झाली, आणि स्वतंत्र इंडोनेशियाच्या संगीतशाळांनी पुढे तीच चालवली.

पंचरेषा आपल्याला अडचणीची का, याची कारणे भावनिक नाहीत. त्या रेषांवरचे चिन्ह ठरावीक उंचीचा सूर सांगते. आपला सा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे हलतो: पेटीच्या पट्ट्यांत सांगायचे तर पुरुष बहुधा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास, बायका काळी चार-पाचच्या आसपास. एकच चीज पंचरेषांवर लिहायची तर प्रत्येक गळ्यासाठी ती नव्याने लिहावी लागेल, नाहीतर ‘लिहिलेला सा खरा नाही’ अशी तळटीप कायमची द्यावी लागेल. सारेगम लिहिले की हा प्रश्न उरत नाही, कारण सा कुठेही ठेवला तरी ग हा त्याच्यापासून तितकाच दूर राहतो. शिवाय सारेगम लिहायला पेन्सिल आणि कोणताही कागद पुरतो. पंचरेषांच्या छपाईला वेगळे खिळे लागत. देवनागरी छापखान्यात ते नसत.

भातखंडे लिपीने चीज लिहायची रीत अशी. आधी ताल ठरवा. तीनताल असेल तर सोळा मात्रांची सोळा घरे आखा, चार-चार घरांनंतर उभी रेघ. पहिल्या घराखाली समेचा (तालाच्या पहिल्या मात्रेचा) ×, पाचव्याखाली 2, नवव्याखाली ‘खाली’चे (टाळी न देण्याच्या मात्रेचे) 0, तेराव्याखाली 3. मग चिजेचे तोंड कुठून उठते ते मोजा. मध्यलयीतल्या पुष्कळ चिजा नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीपासून उठतात, म्हणून पहिली ओळ नवव्या घरापासून लिहायला घ्यायची. वर स्वर, खाली शब्द. स्वर लांबला तर पुढच्या घरात आडवी रेघ, शब्द लांबला तर ऽ. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली बिंदू, तार सप्तकाला वर बिंदू. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे) असेल तर दोन स्वरांवरून कमान. एका मात्रेत दोन-तीन स्वर बसवायचे तर त्यांच्याखाली चंद्रकोर. कण स्वर, म्हणजे नुसता स्पर्श केलेला स्वर, मुख्य स्वराच्या डोक्यावर डावीकडे बारीक. स्वर कंसात घातला की त्याच्या वरचा, तो स्वतः, खालचा आणि पुन्हा तो स्वतः, असे चार स्वर झटकन घ्यायचे: यमनमध्ये (प) म्हणजे ध प म॑ प.

यमनच्या सरावासाठी अशी एक ओळ घेता येईल, खालीपासून उठणारी:

ग – रे ग | म॑ ध नि ध | प – – म॑ | ग रे सा –

तिसऱ्या गटातला प समेवर येतो. टाळी देत म्हटले की लिपीचा हेतू कळतो: कुठे पोचायचे आहे हे डोळ्यांना आधी दिसते. जी गोष्ट गुरूसमोर बसून महिनोन्‌महिने ऐकल्यावर अंगी लागायची, तिचा सांगाडा आठवड्याभरात हाती येतो. रेल्वेच्या गावी बदली झालेल्या कारकुनाच्या मुलीला ती चीज पुस्तकातून बसवता येते. हा फरक फार मोठा होता. दरबारी गाणे प्रतिष्ठित घरांतल्या मुलींपर्यंत पोचले त्यात शाळा, छापील पुस्तक आणि या खुणा यांचा वाटा मोठा आहे.

आता घोटाळे कुठे होतात ते सांगायला हवे, कारण तेही इतिहासच सांगतात. पलुसकरांचीही स्वतःची लिपी होती, आणि ती काळाच्या बाबतीत जास्त काटेकोर: एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य, पाव मात्रेला खाली चंद्रकोर, प्रत्येक स्वराचा काळ वेगळा लिहिलेला. तिच्यात सम 1ने दाखवतात आणि खाली +ने. आणि मुख्य म्हणजे तिच्यात स्वरावरचा बिंदू मंद्र सप्तकाचा. तार सप्तकाला उभी रेघ. म्हणजे डोक्यावर बिंदू असलेला ध भातखंड्यांच्या वहीत वरच्या सप्तकात आणि पलुसकरांच्या वहीत खालच्या सप्तकात. एका लिपीत तयार झालेल्याने दुसऱ्या लिपीतली जुनी वही उघडली तर चीज दीड-दोन सप्तके इकडून तिकडे उड्या मारताना दिसते. उभ्या रेघेचेही तेच: इथे तार, तिथे तीव्र. म्हणून जुनी हस्तलिखित वही हाती आली की पहिले काम खुणा वाचण्याचे नाही, ताल बघण्याचे. समेखाली × आहे की 1, यावरून लिपी ओळखायची आणि मगच गळा उघडायचा.

भातखंडे लिपी पुढे गेली, ती अधिक शास्त्रशुद्ध होती म्हणून नव्हे. ती कमी खुणांची होती, फळ्यावर भराभर लिहिता येत होती, आणि तिच्या मागे सहा भागांची क्रमिक पुस्तकमालिका होती, 1800च्या आसपास चिजा असलेली. सर्वांत बारीक पद्धत मागे पडते आणि सर्वांत शिकवता येण्याजोगी पद्धत राष्ट्रीय होते, हे भाषेच्या, पोशाखाच्या, स्वयंपाकाच्या बाबतीतही पाहायला मिळते.

छपाईने आणखी घोळ घातले. कोमलाची रेघ पुसट उठली की रे॒ चा रे होतो, आणि भैरव शिकणारा भलतेच काही गाऊ लागतो. तीव्र मध्यमावरची रेघ तुटली तर यमनचा चेहराच जातो. मराठी गळ्यांतून आणि मराठी हातांतून आलेल्या चिजांच्या ब्रज शब्दांवरही परिणाम झाला. अर्थ न लागलेला शब्द लिहिणाऱ्याने ऐकू आला तसा लिहिला, पुढच्याने तो ‘सुधारला’, आणि आता त्याचे तीन पाठ तीन पुस्तकांत आहेत. अशा वेळी छापील पाठाला शेवटचा मानू नये. शब्दाचा अर्थ ब्रजमध्ये लागतो का, आणि समेवर येणारे अक्षर तोडावे लागते का, या दोन कसोट्या लावल्या की बहुतेकदा बरा पाठ हाती येतो.

लिपीत जे उतरत नाही ते ग्वाल्हेरच्या माणसाला सांगायला नको. इथला विलंबित ख्याल तिलवाडा किंवा झुमरा या तालांत, पण फार संथ नव्हे. ठेका हातात राहील अशा लयीत. आधी अस्ताई आणि अंतरा हे चिजेचे दोन्ही भाग पूर्ण गायचे, चीज संपूर्ण मांडायची, आणि मगच बढत, म्हणजे रागाचा विस्तार. मग बहलावा, म्हणजे स्वरांना जोडत, झोके देत केलेला लयबद्ध विस्तार. बहलावा लिहून पाहा: घरे भरतात, स्वर बरोबर असतात, आणि वाचून गाणाऱ्याच्या तोंडून निघते ती एक सरळ सारेगमची माळ. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना गळा किती वेळ रेंगाळला, आवाज कुठे भरला आणि कुठे सोडला, हे कमानीच्या खुणेत मावत नाही. दरबारीतला कोमल गंधार हे दुसरे उदाहरण. कागदावर तो जौनपुरीतल्या गंधारासारखाच ग॒ आहे. गळ्यात तो खाली उतरलेला, झुलता, रिषभाला धरून असलेला. लिपीने त्या दोन गंधारांना एकच नाव दिले. टप्पा या चपळ तानांच्या गायनप्रकाराची तर गोष्टच सोडा.

भातखंड्यांना हे माहीत नव्हते असे मुळीच नाही. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ गुरू-शिष्याच्या संवादाच्या रूपात आहे, मराठीत, चार भागांत. तो शिष्य अडवून अडवून प्रश्न विचारतो, आणि गुरू कित्येकदा ‘यावर मतभेद आहेत’ असे सांगून दोन-तीन घराण्यांची रूपे मांडतो. पुढे हिंदी भाषांतर झाले, अभ्यासक्रम झाले, गाइडे निघाली, आणि त्या संवादातले प्रश्न गळून फक्त उत्तरे उरली. आज परीक्षेला बसणारा मुलगा रागाचा थाट, आरोह, अवरोह, वादी, संवादी, जाती, वेळ आणि पकड असा आठ कलमी तक्ता पाठ करतो, कित्येकदा तो राग एकदाही नीट ऐकण्याआधी. मूळ मराठी ग्रंथ वाचू शकणारे आपण थोडे लोक आहोत. ग्वाल्हेर-इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांत त्याच्या प्रती असतील तर त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत.

दहा थाटांचेही, म्हणजे रागांचे गट पाडणाऱ्या सात स्वरांच्या साच्यांचेही, तसेच. दक्षिणेत व्यंकटमखीची 72 मेळांची रचना होती. भातखंड्यांनी उत्तरेच्या रागांसाठी त्यातून दहा निवडले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. विद्यार्थ्याच्या सोयीसाठी ही कपाटे उत्तम. पण पटदीपात कोमल ग आणि शुद्ध नि, तो काफीत घालतात, जिथे नि कोमल आहे. मधुवंतीत कोमल ग आणि तीव्र म एकत्र, बाकी स्वर शुद्ध. दहापैकी एकही कपाट नीट बसत नाही. अहिर भैरवाचे पूर्वांग (सप्तकाचा खालचा अर्धा) भैरवाचे, उत्तरांग (वरचा अर्धा) काफीचे. ललित दोन्ही मध्यम घेऊन मारव्यात बसतो, आणि त्याचा धैवत शुद्ध की कोमल यावर अजून वाद आहे. थाट हे सोयीचे वर्गीकरण आहे. राग थाटातून जन्मतो असे शिकवले की गडबड सुरू होते. देशाच्या ओळखीच्या इतर तक्त्यांनाही हीच गोष्ट लागू आहे. तक्ता मुलांना शिकवायला हवाच, पण त्यात न बसणाऱ्यांची यादीही त्याच पानावर छापायला हवी.

भातखंड्यांची एक गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते, आणि तिची आठवण फार कमी काढली जाते. आजचे गाणे भरत किंवा शार्ङ्गदेव या जुन्या शास्त्रकारांच्या ग्रंथांतून थेट आले आहे असे त्यांनी मानले नाही. ग्रंथ वाचून, गवयांना ऐकून त्यांनी स्पष्ट लिहिले की प्रचारातले संगीत बरेच अलीकडचे आहे आणि जुन्या ग्रंथांतले राग आज त्या रूपात कोणी गात नाही. राष्ट्राभिमानाच्या लाटेत, सगळे काही वेदांपर्यंत नेऊन पोचवण्याच्या काळात, असे म्हणायला हिंमत लागते. आपले म्हणजे जुनेच असले पाहिजे, ही अट त्यांनी नाकारली.

याच कामाची दुसरी बाजू मात्र दुखरी आहे. ज्या उस्तादांनी चिजा दिल्या त्यांची नावे पुस्तकातल्या चिजांखाली छापली गेली नाहीत. विद्या घराबाहेर पडली, पण घर मागे राहिले. शाळा निघाल्या तेव्हा शिक्षकाच्या खुर्चीसाठी लिहिता-वाचता येणे, लिपी येणे, वेळापत्रक पाळणे या अटी आल्या. माधव महाविद्यालयासाठी ग्वाल्हेरच्या निवडक गवयांना मुंबईला भातखंड्यांकडे लिपी शिकायला पाठवले गेले. राजाभैय्या पूछवाले त्यांतले, पुढे ते त्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ज्यांच्या घरात अक्षरओळख होती त्यांना हे जमले. ज्यांच्या घरात गाणे होते पण शाळा नव्हती, ते हळूहळू ‘माहिती देणारे’ ठरले. पलुसकरांच्या शाळेतले प्रार्थना-भजनाचे वातावरणही सगळ्यांना सारखे आपले वाटणारे नव्हते. 1923च्या काकिनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना महंमद अलींनी आक्षेप घेतला तरी पलुसकरांनी वंदे मातरम् पुरे गायले. या प्रसंगाकडे धैर्य म्हणून पाहणारे आहेत आणि दुरावा म्हणून पाहणारेही. मला त्यात दोन्ही दिसते, आणि एकाला झाकून दुसरे सांगणे अप्रामाणिक वाटते. ग्वाल्हेरला हजिऱ्यावर तानसेन समारोहाची सुरुवात आजही ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मीलादने, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतिपठणाने, होते. मराठी कीर्तन आणि मीलाद, तानसेनाच्या समाधीशी, एकाच सकाळी. ते कोणत्याही अभ्यासक्रमात घातलेले नाही, तरी टिकले आहे.

मग राष्ट्र प्रत्यक्षात आले. 28 मे 1948 रोजी ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची संस्थाने मिळून मध्य भारत झाला आणि दरबाराचा आश्रय संपला. गवयाचा नवा मालक आकाशवाणी. तिथे ध्वनिचाचणी आणि श्रेणी आली. ज्यांची श्रेणी वडिलांपासून ठरलेली होती त्यांना परीक्षकांसमोर बसणे अपमानाचे वाटले. चाचणीच्या कामात भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर प्रमुख होते, म्हणजे पुस्तकाने घराण्याची परीक्षा घ्यायची वेळ आली होती.

पेटीचा वाद त्याच मालिकेतला. युरोपातून आलेली, कलकत्त्यात मांडी घालून वाजवण्याजोगी केलेली ही पेटी ग्वाल्हेरच्याच भैय्या गणपतरावांनी ठुमरीच्या साथीला अशी वाजवली की तिचे परकेपण कोणाला आठवेना. तरी 1940 पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीने तिला साथीला बंदी घातली. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांत रवींद्रनाथ टागोरही होते आणि रेडिओवरचे इंग्रज अधिकारीही. तक्रार निराधार नव्हती. अष्टकाचे 1200 सेंट धरले तर पेटीचा शुद्ध गंधार 400 वर. तंबोऱ्याच्या खर्जातून आपसूक ऐकू येणारा गंधार 386च्या जवळ. धैवतात फरक 16 सेंटांचा. तंबोऱ्याची जोड (षड्जाच्या मधल्या दोन तारा) नीट जुळली असेल तर कान हा फरक पकडतोच. पण त्यावर उपाय बंदी नव्हता. पेटीवाल्याने तो गंधार लांबवू नये, गवय्याच्या मागून हलके यावे, आलापात भाता कमी ठेवावा. चांगले साथीदार हे पूर्वीही करत होते आणि आजही करतात. परकी म्हणून जिला स्टुडिओतून काढले ती प्रत्येक कीर्तनात, नाटकात, गुरुद्वाऱ्यात आणि कव्वालीत वाजतच राहिली. उलट, आकाशवाणीची जी ओळखधून पिढ्यांनी पहाटे ऐकली ती वॉल्टर कॉफमन या चेक संगीतकाराची, नाझींपासून जीव वाचवून मुंबईला आलेल्या माणसाची, शिवरंजनीतली. तिला कोणी परकी म्हटले नाही.

राष्ट्रगीताच्या वेळी लिपीचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला, फक्त मोठ्या मैदानावर. बँडला ठाम, वेगळे वेगळे, लिहून देता येणारे सूर लागतात. मींड ब्यूगलवर निघत नाही. जनगणमन वाद्यवृंदावर चांगले बसते, हे कारण नेहरूंनी 25 ऑगस्ट 1948 रोजी संविधान सभेत मांडले. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी वंदे मातरम्‌ची झिंझोटीतली चाल बँडवर वाजू शकते हे दाखवण्यासाठी जिवाचे रान केले. निर्णय 24 जानेवारी 1950ला जाहीर झाला. कृष्णरावांची बाजू हरली, पण त्यांनी विचारलेला प्रश्न नेमका होता: बँडने गाण्याशी जुळवून घ्यायचे की गाण्याने बँडशी?

बाळकृष्ण केसकर 1952 ते 1962 माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांनी शास्त्रीय संगीताला राष्ट्रीय कार्यक्रमात मानाची जागा दिली, ती मोलाची आहे. सिनेसंगीतावर मात्र त्यांनी इतकी कात्री लावली की श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले, आणि ऑक्टोबर 1957 मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. जे आपले आहे ते लोकांना ऐकवता येते. दुसरे काही ऐकू नका असे सांगितले की लोक खुंटी फिरवतात.

ऑक्टोबर 2023च्या अखेरीस युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून यादीत घेतले. फलक लागले, चौक सजले. त्याच्या जोडीला एक रुक्ष काम इथे व्हायला हवे आणि ते याच शहरात होऊ शकते, कारण घराण्याची गायकी आणि लिपीचे महाविद्यालय दोन्ही इथे आहेत. क्रमिक पुस्तकांतली एकेक चीज घ्यावी. ती कोणाकडून आली असावी याचा जितका माग लागतो तितका नोंदवावा, उस्तादाच्या नावासकट. त्याच चिजेचे घराण्याच्या गवयांनी केलेले ध्वनिमुद्रण शोधून शेजारी ठेवावे, आणि पुस्तकापेक्षा ते जिथे वेगळे जाते तिथे मात्रेचा क्रमांक लिहून फरक टिपावा. शब्दांचे पाठभेद खाली द्यावेत. शिकवताना क्रम असा ठेवावा: आधी मुद्रण तीन-चारदा ऐकणे, मग नुसती टाळी, मग तालात शब्द, मग सारेगम, आणि लिपीचे पान सर्वांत शेवटी.

संगणकावर उतरवतानाही आताच काळजी घ्यावी. कोमलासाठी वैदिक अनुदात्ताची खालची रेघ (ग॒) आणि तीव्रासाठी उदात्ताची उभी रेघ (म॑) छान चालते. मंद्राच्या बिंदूसाठी नुक्ता वापरता येतो, पण तो व्यंजनाला लागून, मात्रेच्या आधी टाइप करावा. नंतर टाकला तर काही फाँटांत रिकामे वर्तुळ उमटते. तार सप्तकासाठी सगळे अनुस्वार वापरतात, सां, रें, गं. डोळ्याला ते ठीक दिसते, पण संगणक त्याला स्वर न मानता शब्द मानतो, आणि हजार चिजांत तार षड्ज कुठे कुठे येतो हे शोधायला गेले की ‘सांवरे’पासून सगळे हाती येते. त्या बिंदूसाठी अनुस्वाराहून वेगळे एक चिन्ह ठरवून, तो निर्णय छापून, माधव महाविद्यालयाने आणि शंकर गांधर्वने दोघांनी वापरायला सुरुवात करावी.